पाचवीला शाळा बदलायची की सातवीपर्यंत थांबायचं? (कोल्हापूर : जि.प., मनपा, अनुदानित)

कळंबा_रोड
नमस्कार मंडळी. पोरगा चौथीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत, सेमी इंग्रजीला. आम्ही कळंब्यात राहतो म्हणजे पत्ता कोल्हापूरचा पण हद्द ग्रामपंचायतीची. शाळा सातवीपर्यंत आहे आणि मला तरी काही तक्रार नाही, पोरगा हसत जातो हसत येतो. पण सध्या घरात रोज संध्याकाळी चहाला सभा भरते. सासरे म्हणतात मेन राजाराम हायस्कूल, आम्ही तिथंच शिकलो, बस सरळ जाते. नवऱ्याचं म्हणणं कुठलंही चालेल पण पाचवीलाच हायस्कूलला टाकून मोकळं व्हायचं, नंतर जागा मिळत नाहीत. जाऊबाईंनी जरगनगरच्या शाळेचं नाव काढलंय. माझी आई सांगलीहून फोनवर तिसरंच काहीतरी सांगते.

प्रायव्हेट इंग्लिश मीडियम नको हे ठरलंय, फी झेपणार नाही आणि झेपली असती तरी नको होतं, त्यामुळं त्यावर सल्ला नको प्लीज. मला फक्त पाचवी ते आठवीचं कळू दे. दहावीचे निकाल सगळे सांगतात, फ्लेक्स पण लागतात चौकाचौकात, पण सहावी-सातवीत नक्की काय शिकवतात हे कुणीच सांगत नाही. सध्या ज्यांची मुलं या वयाची आहेत त्यांनी लिहा.

शिवाजीपेठी
पाचवीलाच हलवा वहिनी, इचार करत बसू नका. आपल्याकडं सगळी अनुदानित हायस्कुलं पाचवीपास्नं सुरू हुत्यात. पाचवीला तुकड्या भरल्या की भरल्या, आठवीला गेलासा की म्हणणार जागा न्हाई, मग या शाळंतनं त्या शाळंत फिरत बसा. आमच्या थोरल्याच्या टायमाला हेच झालंवतं. धाकट्याला पाचवीलाच महाराष्ट्र हायस्कूलला टाकला, कारण एकच, फुटबॉल. आता तुम्ही म्हणशीला शिक्षणाचं काय, तर पोरगं शाळंला न सांगता जातंय ह्येच लई झालं.

मास्तर_करवीर
मी जि.प. शिक्षक आहे, पदवीधर शिक्षक, सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. माझं मत आमच्या बाजूनं झुकणार हे धरूनच वाचा.

पहिली गोष्ट. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. हायस्कूल पाचवीपासून ही आपल्याकडची जुनी घडी आहे आणि ती अजून मोडलेली नाही, म्हणून पालकांना वाटतं की पाचवीला बस सुटते. सहावी ते आठवीसाठी कायद्यानं ३५ मुलांमागं एक शिक्षक, आणि गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र, भाषा या तिन्हीला वेगळा शिक्षक पाहिजे. तेव्हा शाळा कुठलीही असू दे, मुख्याध्यापकांना एकच विचारायचं: सहावी-सातवीला गणित कोण शिकवतं, त्यांचं शिक्षण काय, आणि ते पुढच्या वर्षी इथं आहेत का. यावर ज्या शाळेत सरळ उत्तर मिळतं तिथं निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे, कारण तुम्ही ग्रामपंचायत हद्दीत आहात. मुलाला नवोदयच्या (केंद्र सरकारची निवासी शाळा) परीक्षेला बसवणार आहात का? आपल्या जिल्ह्याचं नवोदय कागलला आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात आणि ग्रामीण धरण्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. पाचवीला शहरातल्या हायस्कूलला नाव घातलं की तो मुलगा शहरी धरला जातो. परीक्षा पाचवीत असताना होते, सहावीच्या प्रवेशासाठी, आणि ती एकदाच देता येते. हे दरवर्षी कुणीतरी जूनमध्ये दाखला काढून नेतं आणि नोव्हेंबरमध्ये विचारायला येतं.

कळंबा_रोड
सर, हे मला अजिबात माहीत नव्हतं!! नवोदयचं आमच्या डोक्यात होतं पण "पाचवीला चांगल्या शाळेत टाकू म्हणजे तयारी होईल" असं उलटंच चाललं होतं आमचं.

रंकाळ्यावरची
मास्तरांच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, पण नवोदयला किती मुलं लागतात हे पण बघा. एका वर्गात ८० जागा, अख्ख्या जिल्ह्यातनं. त्या एका आशेवर पाचवी काढायची असेल तर काढा, पण मग पाचवी झाल्यावर सहावीला कुठं हे पण आत्ताच ठरवून ठेवा. सहावी ही सगळ्यात अवघड जागा आहे, कारण हायस्कूलच्या तुकड्या पाचवीला भरलेल्या असतात आणि मधेच एखादं पोर घेतात ते बहुतेक कुणाची बदली झाली म्हणून जागा झाली तरच.

माझी मुलगी मुलींच्या एका अनुदानित हायस्कूलात आहे, सातवीत. नाव लिहीत नाही कारण पुढं जे लिहितेय ते चांगलं नाही. प्रवेशाच्या वेळी "ऐच्छिक" देणगी घेतली, पावती इमारत निधीची दिली. ऐच्छिक म्हणजे काय तर टेबलाच्या पलीकडचे गृहस्थ पेन उघडून बसलेले आणि आपण रक्कम सांगायची वाट बघतायत. मागं रांग. मी आकडा सांगितला तर म्हणाले, "ताई, एवढ्यात काय होतंय." आठवीपर्यंत शिक्षण मोफत आहे म्हणतात ना. पुस्तकं मात्र खरंच मोफत मिळाली, बालभारतीची सगळी. गणवेश नाही, तो आपला आपण.

पण शिकवणं? शिकवणं चांगलं आहे हो. इंग्रजीच्या बाई तर इतक्या छान आहेत की पोरगी घरी आल्यावर मला दुरुस्त करते. म्हणून गप्प बसलेय.

लाइनबाजार_आण्णा
शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. आता शंभर वर्षांनी धाडणाऱ्या बापाला दंड.

सीमा_राजारामपुरी
:) आण्णा जोरात.
@रंकाळ्यावरची, आरटीईच्या कलम १३ मध्ये देणगी घेऊन प्रवेश आणि प्रवेश चाचणी दोन्हीला बंदी आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड, मुलाची किंवा पालकांची चाचणी घेतली तर पहिल्यांदा २५ हजारापर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारापर्यंत. प्रत्यक्षात तक्रार कोण करणार हा प्रश्न आहेच, पोरगं तिथंच शिकणार असतं. पण निदान "पाचवीसाठी लेखी चाचणी आहे" असं कुणी म्हणालं तर "हे लेखी द्या" एवढं शांतपणे म्हणून बघा. आमच्या शेजारणीनं म्हटलं होतं. चाचणी अचानक "फक्त तुकडी ठरवायला" झाली.

जरगनगरकर
जरगनगरचं नाव निघालंय म्हणून लिहितो. ती गुढीपाडव्याची रांग, आदल्या रात्रीपासून पालक येऊन बसतात, पेपरात फोटो येतात ते सगळं खरं आहे. मनपाच्या मराठी शाळेत प्रवेशासाठी रात्र काढणारं गाव दुसरं असेल तर सांगा. पण लोक एक गोष्ट विसरतात, ती रांग पहिलीसाठी असते. जी शाळा पहिलीलाच भरते तिथं पाचवीला बाहेरचं पोर घ्यायला जागा कुठली उरणार. त्यामुळं जाऊबाईंना सांगा विचारायला हरकत नाही, जाऊन या, पण त्या भरवशावर बाकीच्या चौकशा थांबवू नका.

आणि एक. मनपाच्या शाळा म्हणजे फक्त जरगनगर नव्हे. टेंबलाईवाडी, नेहरूनगर, जाधववाडीची प्रिन्स शिवाजी, इथंही चांगलं काम चाललंय, शिष्यवृत्तीच्या यादीत नावं बघा. नाव मोठं झालेल्या एका शाळेपुढं लोक रांग लावतात आणि घराशेजारच्या शाळेत आत जाऊन बघत पण नाहीत.

पुण्यातला_कोल्हापुरी
मेन राजारामचा उल्लेख वाचून भरून आलं. भवानी मंडपातली ती दगडी इमारत, मधली सुट्टी झाली की थेट अंबाबाईच्या देवळापर्यंत पळत जायचो, प्रसाद घेऊन घंटेच्या आत परत. गोपाळ कृष्ण गोखले ज्या शाळेत शिकले तिथं आपण बाकावर नावं कोरली :) मागं ती शाळा तिथनं हलवायचा घाट घातला होता तेव्हा माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, मी पुण्यातनं सह्या गोळा करून पाठवल्या. सासऱ्यांचं ऐका, डोळे झाकून टाका तिथं.

सीमा_राजारामपुरी
दादा तुम्ही कुठल्या साली सातवीत होता?

पुण्यातला_कोल्हापुरी
१९८९. का?

सीमा_राजारामपुरी
म्हणूनच विचारलं. शाळा माझीही आवडती आहे, जिल्हा परिषदेची आहे, गावाच्या मधोमध आहे, प्रशस्त आहे. पण "आम्ही शिकलो" हा निकष लावला तर सगळ्याच शाळा चांगल्या निघतील. धागाकर्तीला आजचा सहावीचा वर्ग पाहिजे. सासऱ्यांना घेऊन जा आणि आजच्या सहावीच्या वर्गाबाहेर पंधरा मिनिटं उभं करा. आवडली तर उत्तमच.

आणि घरबसल्या करायचं काम: यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी वेबसाइटवर, "नो युवर स्कूल" पानावर शाळेचं नाव टाकलं की रिपोर्ट कार्ड निघतं. त्यात इयत्तावार पट, शिक्षक किती, वर्गखोल्या, मुलामुलींची स्वच्छतागृहं, कॉम्प्युटर, सगळं असतं. ही माहिती शाळेनंच भरलेली असते त्यामुळं संगणक १० लिहिले असतील तर १० चालू आहेत असं समजू नका. मी त्यातला एकच आकडा बघते, पाचवीला पट किती, सहावीला किती आणि सातवीला किती. पाचवीला ६० आणि सातवीला ३५ असेल तर पोरं कुठं जातायत ते विचारायला लागतं.

मास्तर_करवीर
सीमाताई, नेमका मुद्दा. पण त्याची दुसरी बाजू सांगतो. जि.प.च्या शाळेतनं मुलं पाचवीला हायस्कूलला जातात, पट घटतो. संचमान्यतेचा, म्हणजे पटावरनं शिक्षकांची पदं ठरवायचा, १५ मार्च २०२४ चा जो निर्णय आहे त्यात सहावी-सातवीचा पट वीसच्या खाली आला की तिथल्या शिक्षकाचं पदच धोक्यात येतं. म्हणजे शिक्षक चांगला असून उपयोग नाही, पोरं नाहीत म्हणून तो दुसरीकडं समायोजित होणार, मग उरलेल्यांना सगळे विषय एकजण शिकवणार, ते बघून उरलेले पण जाणार. आमच्या शेजारच्या गावात हे डोळ्यांदेखत झालं. त्यामुळं कळंबा_रोड ताई, तुमच्या शाळेत यंदाच्या पाचवी, सहावी, सातवीचा पट काय आहे ते आधी बघा. भरपूर असेल तर घाबरायचं कारण नाही, शहराला लागून असलेल्या गावांत सहसा पट चांगला असतो.

शिवाजीपेठी
सर मग आमच्यासारख्यांनी पोरं काढली म्हणून शाळा बंद पडाल्यात म्हणायचं काय? शिक्षक वर्गावर असत्यात कवा? कधी मतदार यादी, कधी सर्व्हे, कधी ट्रेनिंग, आणि उरल्या टायमात व्हॉट्सॲपवर फोटो टाकायचं. पोरं काय भिताडाकडं बघत बसत्यात.

मास्तर_करवीर
फोटोंचं अगदी खरं आहे, वृक्षारोपणाचा फोटो गेला नाही तर झाड लावलंच नाही असं धरतात. मी तुमच्यावर पोरं काढल्याचा आळ घेत नाही हो दादा, तुम्ही तुमच्या मुलाचं बघणारच. फक्त ही कामं अनुदानितच्या शिक्षकांनाही लागतात, निवडणुकीचं तर सगळ्यांनाच. हायस्कूलला फरक एवढाच की शिक्षक जास्त असल्यामुळं एक गेला तर तास दुसरा घेतो. आमच्याकडं चारातले दोघं गेले की शाळा अर्धी झाली. हा फरक मी मान्य करतो आणि पालकांनी तो मोजला पाहिजे.

बालिंगा_फाटा
आमचं उदाहरण देतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. मोठी मुलगी सातवीपर्यंत गावातल्या जि.प. शाळेत, मग आठवीला शहरातल्या अनुदानित हायस्कूलला. जागा मिळाली, पण सातवीच्या निकालाची वाट न बघता जानेवारीपासनं तीन-चार ठिकाणी चौकशा करून ठेवल्या होत्या. आठवीत पहिले दोन-तीन महिने तिला जड गेलं, अभ्यास नाही, अभ्यासात ती पुढंच होती, पण बाकीच्यांचे ग्रुप पाचवीपासनं झालेले. डबा एकटी खायची. दिवाळीनंतर जमलं.

फायदा काय झाला ते सांगतो. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, केंद्राची. सातवीला ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५०), पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखाच्या आत, आणि पोरगं सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत पाहिजे. विनाअनुदानितवाल्यांना नाही, नवोदय-केंद्रीय विद्यालयवाल्यांना पण नाही. लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. तिला लागली, कारण गावातल्या सरांनी सहावीपासनं बुद्धिमत्तेचे पेपर सोडवून घेतलेले. हायस्कूलच्या पन्नास-साठच्या तुकडीत ते कुणी केलं असतं असं मला वाटत नाही. दुसरा मुलगा सहावीत आहे, तो पण तिथंच.

कळंबा_रोड
खूप उपयोगी लिहिलंय दादा. डब्याचं वाचून पोटात कालवलं जरा.
शिष्यवृत्तीचं पण विचारायचं होतं. आता परत चौथी-सातवीला आणली ना? त्यानं काही फरक पडतो का या हिशोबात?

मास्तर_करवीर
पडतो. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला होती. त्यामुळं व्हायचं काय की चौथीपर्यंत आम्ही तयारी करून घ्यायची, पोरगं पाचवीला हायस्कूलला जायचं आणि परीक्षा तिथं द्यायचं, यश कुणाचं यावर दोन्ही शाळांचे फ्लेक्स :) आणि आठवीची परीक्षा सातवीपर्यंतच्या शाळांना नव्हतीच. आता सातवीला आल्यावर जिथं सातवीपर्यंत वर्ग आहेत त्या शाळांना मुलं टिकवायला एक कारण मिळालं. आपल्या जिल्ह्याचं शिष्यवृत्तीवेड तुम्हाला माहीतच आहे, राज्याच्या यादीत कोल्हापूरची नावं कायम वर असतात, आणि त्यातली बरीच आडबाजूच्या वाडीवस्तीवरच्या शाळांची. पहाटे जादा तास घेणारे शिक्षक आहेत तिकडं.

रंकाळ्यावरची
त्या जादा तासांबद्दल माझं मत वेगळं आहे सर. सकाळी सातला जादा तास, मग शाळा, मग परत संध्याकाळी पेपर, रविवारी सराव परीक्षा, नऊ-दहा वर्षांच्या पोरांना. माझ्या भाच्याचं चौथीत असताना रात्री झोपेत "पर्याय क्रमांक तीन" चालायचं. शाळेची तुलना शिष्यवृत्तीच्या आकड्यावर करणार असाल तर एवढं विचारा की जी पोरं परीक्षेला बसत नाहीत त्यांच्याकडं त्या वेळात कोण बघतं. एका शाळेत मी हे विचारलं तर सरांना प्रश्नच कळला नाही.

लाइनबाजार_आण्णा
बरोबर. आणि अजून एक कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. पाणी. २०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितलाय त्यांनी शाळा निवडताना नकाशा बघावा. जुलै-ऑगस्टात पंचगंगा इशारा पातळीच्या वर गेली की कुठले रस्ते बंद होतात हे सगळ्यांना पाठ आहे. शिवाय महापुरात पूरग्रस्तांची सोय शाळांतच करतात, करायलाच पाहिजे, पण मग त्या शाळेचे वर्ग बंद. तुम्ही कळंब्याच्या बाजूला आहात म्हणजे तुम्हाला एवढा त्रास नाही, पण नदीपल्याड किंवा बावड्याकडची शाळा घेणाऱ्यानं विचार करावा.

सीमा_राजारामपुरी
जाण्यायेण्याचा मुद्दा खरंच सगळ्यात कमी बोलला जातो. कळंब्याहून भवानी मंडपात जायचं म्हणजे केएमटीची बस किंवा रिक्षामामा. रिक्षात किती पोरं बसवतात ते आपल्याला माहितीये, दप्तरं बाहेर लटकलेली. दुपार सत्र असेल तर हिवाळ्यात घरी येईपर्यंत अंधार. महिन्याचे रिक्षाचे पैसे धरले तर "मोफत" शाळा किती मोफत राहते ते कागदावर मांडा.

कळंबा_रोड
मंडळी, या आठवड्यात दोन ठिकाणी जाऊन आले, दोन्हींची नावं लिहीत नाही.

एक शहरातलं, अनुदानित, नाव मोठं. ऑफिसात छान बोलले. वर्ग बघायला मिळेल का म्हटल्यावर जरा थांबवलं पण शिपाईमामा घेऊन गेले. सहावीत स्मार्ट बोर्ड होता, त्यावर फुलाफुलाचं कापड घातलेलं, मामा म्हणाले धूळ बसू नये म्हणून. प्रयोगशाळेचं कपाट काचेचं, आत परीक्षानळ्या चकचकीत, किल्ली क्लार्ककडं आणि क्लार्क रजेवर. एका मुलाची विज्ञानाची वही मागितली, मग शेजारच्याची. दोन्हीत उत्तरं शब्दाला शब्द तीच, गाईडमधली. लाल पेनानं "छान" पण दोन्हीवर. पण मैदान मोठं, मुलं मोकळी, आणि कुणी शिक्षक ओरडताना दिसला नाही हे सांगायला पाहिजे.

दुसरी आमचीच शाळा. चार वर्षं मुलगा तिथं आहे आणि मी वरच्या मजल्यावर कधी गेलेच नव्हते. सातवीचा गणिताचा तास चालला होता. बाईंनी सगळ्यांना जुन्या वर्तमानपत्राची पट्टी दिलेली. पट्टीच्या घड्या घालून चार समान भाग करायचे, त्यातले तीन रंगवायचे. मग त्याच पट्टीला अजून एक घडी, म्हणजे आठ भाग झाले. आता रंगवलेल्यात एक अष्टमांशाचे तुकडे किती? पोरं मोजतायत, सहा, सहा. मग बाईंनी फळ्यावर पाऊण भागिले एक अष्टमांश लिहिलं आणि विचारलं, भागाकार केला तर उत्तर मोठं कसं आलं रे? एक पोरगा उठून म्हणाला, "बाई आपण वाटलं न्हाई, मोजलं." मी बारावी सायन्स केलंय, छेद उलटा करून गुणायचं एवढंच मला ठाऊक होतं.

पण तिथली बाजू पण सांगते. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ तुटलेला, बादली ठेवलेली. इंग्रजीला सध्या नेमके शिक्षक नाहीत, त्याच गणिताच्या बाई तेही घेतात आणि त्यांचं इंग्रजी... ठीक आहे. ग्रंथालय म्हणजे लोखंडी पेटी. पट बघितला, सहावीत ३१, सातवीत २८.

बालिंगा_फाटा
वा! त्या बाई आहेत तोवर पोरगं हलवू नका. इंग्रजीचं घरी बघता येतं, गणिताचं असं घरी नाही होत.

शिवाजीपेठी
बाईंची बदली झाली की मग?

मास्तर_करवीर
होऊ शकते, जि.प.त बदल्या होतातच. आता ऑनलाइन होतात, किती वर्षं झाली त्यावर यादी लागते. विचारून घ्या बाई त्या शाळेत कधी आल्या. आणि नळाचं आणि इंग्रजीचं शाळा व्यवस्थापन समितीत मांडा, त्या समितीत ७५ टक्के पालकच असतात. बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरलीये कारण आपण जात नाही. नळासाठी तर ग्रामपंचायतीकडं पण जाता येतं, शहरातल्या शाळेपेक्षा इथं सरपंच गाठणं सोपं.

जरगनगरकर
+१. आमच्याकडं पालकांचा रेटा हाच निम्मा शिक्षक आहे.

कळंबा_रोड
घरात काय ठरलं ते लिहिते. पाचवी इथंच, नवोदयचा फॉर्म भरणार. नवरा तयार झाला पण अट घातली की सहावी इथं काढायची की नाही ते पाचवीच्या दिवाळीत परत बघायचं, आणि आठवीसाठी सातवीच्या जानेवारीतच चौकशी सुरू करायची. सासरे रुसलेत. त्यांना मेन राजारामला घेऊन जाणार आहे, आठवीसाठी बघायला. समितीची बैठक पुढच्या शनिवारी आहे असं कळलं, मुख्याध्यापक म्हणाले या, चहा असतो.

इचलकरंजीची_वैशाली
उशिरा येतेय, पण माझा प्रश्न जवळचाच आहे. आमची बदली होतेय, मुलगी सहावीत, वर्षाच्या मधेच यावं लागणार, डिसेंबरात. दाखला देताना आमची शाळा म्हणतेय सहामाहीचा निकाल लागू दे मग बघू. राहायला उचगावच्या बाजूला. मधेच कोण घेईल?

सीमा_राजारामपुरी
वैशालीताई, मधे यायला जि.प. किंवा मनपाची शाळा सगळ्यात सोपी, त्यांना आठवीपर्यंत नाही म्हणता येत नाही. उचगाव ग्रामपंचायत आहे म्हणजे जि.प.ची. दाखल्याचं म्हणाल तर कलम ५ मध्ये स्पष्ट आहे, दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा आधी मुलीला वर्गात बसवा, कागद मागनं येऊ दे. फक्त जुन्या शाळेकडून तिचं नाव ऑनलाइन पोर्टलवरनं ट्रान्सफर करून घ्या, ते राहिलं की दोन्हीकडं नाव दिसतं आणि नवीन शाळेचे सर तुमच्या मागं लागतात. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव अक्षराला अक्षर जुळतंय का तेही आत्ताच बघून ठेवा.

इचलकरंजीची_वैशाली
आधारवर आडनाव आधी आहे!! बघते उद्याच. कुणी उचगावचं असेल तर सहावीला गणित कोण घेतं ते सांगा प्लीज.